घरातली मॉडेल ट्रेन इंटरनेटवरून चालवायची असेल तर थांबवायचं काम रुळाजवळच ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा बेंगळुरूला नोकरीला, आईबाबा कोल्हापुरात रंकाळ्याकडे. बाबांनी रिटायर झाल्यावर माडीवर एचओ स्केलचा (खऱ्याच्या १:८७ मापाचा) लेआउट केलाय, एक मोठा लूप, दोन सायडिंग (गाडी बाजूला उभी करायचे रूळ), दोन इंजिनं, सगळं साध्या नॉबवाल्या डीसी कंट्रोलरवर. मुलाला संध्याकाळी तिकडून मोबाईलवर गाडी चालवायचीय, बाबा समोर बसून बघणार. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून घरात यायला एक वाट उघडून, बघितलं, जमलं नाही. आता विचारतोय की स्मार्ट प्लग लावून चालू-बंद केलं तर चालेल का, आणि यूट्यूब लाइव्हवर कॅमेरा लावून बघितलं तर?

होतंय की, आणि लई खर्चही नाही. पण स्मार्ट प्लग नको आणि यूट्यूब लाइव्ह तर अजिबात नको, का ते सांगतो.

मी फाउंड्र्यांसाठी कंट्रोल पॅनेल करतो, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत निम्मं आयुष्य गेलं, आणि घरी स्वतःचा एचओ लेआउट आहे ज्यात रुकडीजवळचा पंचगंगेवरचा रेल्वे पूल करायचा प्रयत्न चाललाय. दोन्हीकडं एकच गोष्ट बघत आलोय, की लांबून एखादी हलणारी वस्तू चालवायची म्हटल्यावर सगळे विचारतात कमांड कशी पाठवू, आणि कमांड पाठवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम असतं. खरा प्रश्न आहे की मधली लाइन तुटली तर गाडी काय करणार. फाउंड्रीत ईओटी क्रेन, म्हणजे छताखालून फिरणारी विजेवरची क्रेन, रेडिओ रिमोटवर चालते, रिमोटची बॅटरी संपली किंवा सिग्नल गेला की क्रेन आपोआप थांबते, तिला 'थांब' असं कुणी सांगावं लागत नाही, उलट 'चाल' हे सतत सांगत राहावं लागतं. तुमच्या लेआउटवर हेच करायचंय. चालायचा हुकूम बेंगळुरूवरून येऊ दे, थांबवायची अक्कल मात्र माडीवरच, रुळाच्या बाजूलाच पाहिजे. बाकी सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

आता स्मार्ट प्लग. प्लग म्हणजे फक्त चालू किंवा बंद. नॉब बाबांनी जिथं ठेवलाय त्याच स्पीडला गाडी एकदम झटका मारून सुटणार, दिशा बदलता येणार नाही, आणि तुमच्या फोनचं नेट गेलं की प्लग ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत राहणार म्हणजे गाडी फिरतच राहणार. शिवाय ही प्लगं कंपनीच्या सर्व्हरमार्गे चालतात, कधी लगेच ऐकतात कधी दोन-तीन सेकंदांनी. बाबा समोर असताना दिवे लावायला ठीक आहे, गाडीला नाही.

त्यामुळं पहिली पायरी म्हणजे डीसी सोडून डीसीसीवर या. डिजिटल कमांड कंट्रोल. हे काही नवीन नाही, जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या कामावरून अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेनं १९९० च्या दशकात त्याचं स्टँडर्ड केलं आणि तेव्हापासून जगभर तेच चाललंय. साध्या डीसीत रुळावरचं व्होल्टेज कमी-जास्त करून स्पीड बदलतो, म्हणून एका रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदमच पळतात. डीसीसीत रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओला साधारण १४-१५ व्होल्ट, आणि त्याची पोलॅरिटी भराभर उलटसुलट करून त्यातच मेसेज पाठवतात. एका उलटसुलटीचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदाचा असला तर तो बिट 'एक', १०० किंवा जास्त मायक्रोसेकंदाचा असला तर 'शून्य'. प्रत्येक इंजिनात एक छोटा डिकोडर बसतो, त्याचा स्वतःचा नंबर असतो, नवीन डिकोडर सहसा ३ नंबर घेऊन येतो, आणि तो फक्त आपल्या नंबरचा मेसेज ऐकून मोटर चालवतो.

हे मायक्रोसेकंद मुद्दाम सांगितले कारण त्यातून एक गोष्ट लगेच कळते. हा सिग्नल काही इंटरनेटवरून पाठवता येणार नाही, इंटरनेटवर वेळेचा हिशेब मिलिसेकंदात चालतो आणि तोही सारखा हलतो. सिग्नल घरीच तयार होणार, कमांड स्टेशन नावाच्या डब्यात, आणि बेंगळुरूवरून फक्त 'इंजिन ३, पुढं, स्पीड ४०' एवढा इवलासा निरोप येणार. एवढ्याला टूजीसुद्धा पुरेल. म्हणून कुणी म्हणालं की याला फार मोठं फायबर कनेक्शन पाहिजे तर ऐकू नका, नेट लागतं ते कॅमेऱ्याला.

डिकोडर बसवणं हे बाबांचं काम होऊ दे, त्यांना आवडेल. इंजिनावर 'डीसीसी रेडी' लिहिलं असेल तर आत ८ पिनचं किंवा २१ पिनचं सॉकेट असतं, डमी प्लग काढायचा, डिकोडर खोचायचा, झालं. जुनं इंजिन असेल तर सोल्डरिंग आलं, आणि तिथं एकच गोष्ट जीव लावून तपासायची, मोटरचे दोन्ही ब्रश चासीपासून पूर्ण वेगळे आहेत ना. जुन्या इंजिनांत एक ब्रश थेट चासीला टेकलेला असतो, तसंच डिकोडर लावलं तर पहिल्याच सेकंदाला तो जळतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्रत्येक ब्रश आणि प्रत्येक बाजूची चाकं असं सगळं बघायचं, बीप आला नाही पाहिजे. आणि इंजिन मर्क्लिनचं मधल्या स्टडवालं तीन-रुळी असेल तर गोष्ट वेगळी आहे, त्यांची सिस्टीम वेगळी, आधी मला कळवा.

कमांड स्टेशनसाठी तयार डबे मिळतात, रोकोचा झेड२१ चांगला आहे, पण इम्पोर्ट करावा लागतो आणि दोन इंजिनांसाठी तेवढा खर्च करायची गरज नाही. मी तुमच्या जागी असतो तर डीसीसी-ईएक्स केलं असतं. हे ओपन सोर्स आहे, अर्डुइनो मेगा नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर मोटर शील्ड (जास्त करंट देणारं वरचं बोर्ड) बसवायचं, त्यांचं सॉफ्टवेअर टाकायचं, कमांड स्टेशन तयार. दोन आउटपुट मिळतात, एक मेन लाइनला, एक प्रोग्रामिंग ट्रॅकला जिथं डिकोडरचे नंबर आणि सेटिंग बदलायचे. दोन गोष्टी सांभाळा. एक, अर्डुइनोच्या ओरिजनल मोटर शील्डवर व्हीआयएन (सप्लायची पिन) जोडणारी एक बारीक ट्रेस (तांब्याची रेघ) असते ती कटरनं कापायची, नाहीतर रुळाचं व्होल्टेज मेगा बोर्डात घुसतं, बोर्डाला त्याचा वेगळा अडॅप्टर द्या. दोन, रुळाला सप्लाय देताना 'असू दे जास्तीचा' म्हणून १० अँपिअरचा एलईडी पट्टीवाला सप्लाय लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावू नका. दोन एचओ इंजिनांना २ ते ३ अँपिअरचा सप्लाय भरपूर झाला. गाडी रुळावरून उतरून शॉर्ट झाली तर जेवढा सप्लाय मोठा तेवढी चाकं आणि प्लॅस्टिक तापणार, आणि तुम्ही तर ६०० किलोमीटरवर.

मेगा बोर्ड यूएसबीनं रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला (पुढं नुसतं 'पाय' म्हणतो) जोडा आणि पायवर जेएमआरआय टाका. हे पण फुकट, जावावर चालणारं सॉफ्टवेअर आहे, जगभर मॉडेल रेल्वेवाले वापरतात, इंजिनांची यादी, पॉइंट (गाडीचा रूळ बदलायची जागा), सेन्सर, सिग्नल सगळं त्यात मांडता येतं. त्यातला वायथ्रॉटल सर्व्हर, म्हणजे फोनवरून आलेले हुकूम घेणारा भाग, चालू केला की तो १२०९० पोर्टवर ऐकतो, फोनवर अँड्रॉइडला एंजिन ड्रायव्हर ॲप, आयफोनला वायथ्रॉटल ॲप. आधी घरच्या वायफायवर बाबांच्या फोनवरून चालवून बघा. निदान महिनाभर तरी बाबांनी असंच चालवू दे, रुळाचे, जॉइंटचे, चाकांचे सगळे कच्चे दुवे तेव्हाच बाहेर येतात. घरात न चालणारी गाडी बेंगळुरूवरून चालत नाही.

आता पोर्ट फॉरवर्ड का जमलं नाही ते. बहुतेक तुमच्या घरचं कनेक्शन सीजीनॅटवर आहे, म्हणजे कंपनी शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते, बाहेरून येणारा निरोप तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, राउटरवर काहीही फॉरवर्ड करा. तपासायला सोपं आहे, राउटरच्या पेजवर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा, तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर सीजीनॅट नक्की. किंवा तो आयपी आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवरचा आयपी वेगळे असतील तरी तेच.

आणि खरं सांगू का, जमलं नाही ते बरंच झालं. वायथ्रॉटलचा सगळा संवाद साध्या मजकुरात चालतो, पासवर्ड नाही, काही लपवाछपवी नाही, तो घरातल्या वायफायसाठी बनवलाय. तो पोर्ट जगाला उघडा केला की दिवसरात्र पोर्ट तपासत फिरणारे प्रोग्रॅम तिथं पोचणार, आणि ज्याला जोडता येईल त्याच्या हातात तुमच्या बाबांचं इंजिन आणि रुळाची पॉवर. पुढं कुणी 'स्टॅटिक आयपी घ्या आणि पोर्ट उघडा' असा सल्ला दिला तर ऐकू नका.

यावर चांगला उपाय म्हणजे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी आपली खासगी बंद लाइन, आणि घरगुती कामाला टेलस्केल सगळ्यात सोपं. आत वायरगार्ड ही व्हीपीएनची पद्धतच आहे पण सेटिंगची डोकेदुखी नाही, पायवर टाकायचं, तुमच्या फोनवर टाकायचं, दोन्हीकडं एकाच अकाउंटनं लॉगिन, सीजीनॅट असला तरी चालतं, वैयक्तिक वापराला पैसे नाहीत. पायला १०० नं सुरू होणारा एक खासगी आयपी मिळतो. इथं एक अडचण हमखास येते म्हणून आधीच सांगून ठेवतो, घरी एंजिन ड्रायव्हर उघडलं की सर्व्हर आपोआप यादीत दिसतो, व्हीपीएनवरून तो दिसणार नाही, कारण ती आपोआप शोधायची पद्धत फक्त एकाच लोकल नेटवर्कात चालते. घाबरायचं नाही, तो १०० वाला आयपी आणि पोर्ट १२०९० हातानं टाइप करायचा, जोडलं जातं.

इथपर्यंत आलात की गाडी चालेल. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकण्याइतपत भारी चालेल. आणि बरेच जण इथंच थांबतात, पण माझ्या मते काम खरं इथून सुरू होतं.

तुम्ही गाडी सोडली स्पीड ४० वर. तेवढ्यात बेंगळुरूच्या मेट्रोत नेट गेलं. गाडी काय करेल? चालत राहील. कारण कमांड स्टेशनचं कामच ते आहे, शेवटचा हुकूम तो रुळावर पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, चाकाखाली धूळ आली आणि एखादा मेसेज चुकला तर पुढचा मिळावा म्हणून. बरेच लोक म्हणतात डिकोडरमध्ये सीव्ही ११ आहे की (सीव्ही म्हणजे डिकोडरमधलं नंबर दिलेलं सेटिंग), सिग्नल गेला तर किती वेळानं थांबायचं ते त्यात सेट करता येतं. बरोबर आहे, पण डिकोडरच्या दृष्टीनं सिग्नल गेलेलाच नाही! कमांड स्टेशन आणि इंजिन यांच्यातलं सगळं ठणठणीत आहे, तुटलंय ते तुमच्या फोन आणि पाय यांच्यातलं. सीव्ही ११ इथं काही कामाचा नाही.

कामाची आहे ती वायथ्रॉटलची हार्टबीट. ॲप ठराविक वेळानं 'मी आहे' असं सर्व्हरला कळवतं, कळवणं बंद झालं की जेएमआरआय त्या फोनकडं असलेली इंजिनं इमर्जन्सी स्टॉप करतं. जेएमआरआयच्या वायथ्रॉटल सेटिंगमध्ये हे चालू आहे का बघा आणि वेळ किती आहे तेही बघा, सहसा १० सेकंद असते. आता हिशेब करा. एचओ म्हणजे १:८७. खऱ्या ६० किमी वेगाचं मॉडेल सेकंदाला साधारण १९ सेंटिमीटर जातं. दहा सेकंदांत जवळजवळ दोन मीटर. माडीवरच्या लेआउटवर दोन मीटर म्हणजे अख्खी सायडिंग ओलांडून बफर (रुळाच्या टोकाचा अडसर) फोडून टेबलाखाली. म्हणून वेळ कमी करा, मी ४-५ सेकंद ठेवतो, त्याहून कमी केलं तर मोबाईल नेटच्या बारीकसारीक हेलकाव्यालाही गाडी थांबत राहते आणि मजा जाते. ५ सेकंदांत ६० च्या वेगानं साधारण ९५ सेंटिमीटर, म्हणजे सायडिंगमध्ये शिरायच्या आधीच वेग २०-३० वर आणायची सवय लावून घ्या. खरा लोको पायलट तरी कोल्हापूर स्टेशनात शिरताना काय करतो, टर्मिनस आहे, पुढं रूळ संपतो.

पण हार्टबीट बघणारा तरी कोण, पाय. पायच हँग झाला तर? जेएमआरआय मेलेलं, मेगा बोर्ड जिवंत, गाडी फिरतेय, आणि इमर्जन्सी स्टॉप करणारं कुणी नाही. म्हणून पॅनेलवाल्याचा सल्ला ऐका, एक वॉचडॉग रिले, म्हणजे पहारा देणारा विजेचा स्विच, लावा. एक छोटा अर्डुइनो नॅनो घ्यायचा, पायच्या एका पिनवरून जेएमआरआयमधली छोटी स्क्रिप्ट दर सेकंदाला एक पल्स देणार, नॅनो ते मोजणार, तीन सेकंद पल्स आला नाही की रिले सोडणार आणि रुळाची पॉवर जाणार. पल्स जेएमआरआयच्या आतूनच द्या, वेगळ्या प्रोग्रॅममधून दिलात तर जेएमआरआय गोठलं तरी पल्स चालूच राहील. आणि रिले जोडताना नॉर्मली ओपन कॉन्टॅक्ट वापरा. म्हणजे कॉइलला सप्लाय असेल तरच रुळाला पॉवर. वायर तुटली, नॅनो मेला, सप्लाय गेला, काहीही बिघडलं तरी निकाल एकच, पॉवर बंद. उलटं जोडलं, म्हणजे बंद करायला कॉइल ओढावी लागते असं, तर ज्या दिवशी गरज असेल त्याच दिवशी ते चालणार नाही. खऱ्या रेल्वेचं ट्रॅक सर्किटही असंच आहे, रुळातून करंट येत असेल तोवरच लाइन मोकळी समजतात, रूळ तुटला किंवा बॅटरी गेली तरी सिग्नल लालच होतो.

त्याच सर्किटमध्ये सिरीजला एक लाल मश्रूम पुशबटन टाका, एनसी कॉन्टॅक्टचं (न दाबता जोडलेलं, दाबलं की तुटणारं), फिरवून सोडायचं. आपल्याकडं इलेक्ट्रिकल पॅनेलचा माल ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं, २२ एमएमचं भोक पाडायचं आणि बाबांच्या खुर्चीजवळ बसवायचं. बाबांना ॲप शोधायला लावू नका, हात मारला की सगळं बंद.

आता दोन बारीक पण महत्त्वाच्या गोष्टी. पहिली सीव्ही २९. बऱ्याच डिकोडरना साध्या डीसीवरही चालायची मुभा असते, आणि कारखान्यातून ती चालूच येते. काही कारणानं कमांड स्टेशनचा सिग्नल गोठला आणि रुळावर नुसतं सरळ डीसी राहिलं, तर डिकोडरला वाटतं आपण जुन्या डीसी लेआउटवर आलो, व्होल्टेज तर पूर्ण आहे, मग सुटतंय इंजिन फुल स्पीडनं. ते बंद करायचं. सीव्ही २९ ची किंमत ६ असेल तर २ करा, लांब नंबर वापरत असाल आणि ३८ असेल तर ३४. म्हणजे ४ वजा. डीसी मोड बंद असेल तरच वर सांगितलेला सीव्ही ११ अशा वेळी कामाला येतो, तो पण सेट करून ठेवा.

दुसरी, कीप-अलाइव्ह कपॅसिटर. घाण रुळावर गाडी अडू नये म्हणून हल्ली लोक इंजिनात बसवतात, चांगली गोष्ट आहे, पण मग रुळाची पॉवर तोडल्यावरही इंजिन तेवढा वेळ चालत राहतं, कपॅसिटर मोठा असेल तर काही सेकंदसुद्धा. दुरून चालवायच्या इंजिनात छोटाच ठेवा, आणि वॉचडॉग जोडल्यावर गाडी प्रत्यक्षात किती लांब जाते ते पट्टीनं मोजून बघा.

थांबायचा विषय निघालाय तर सीव्ही ४ पण. गाडी हळूहळू थांबावी म्हणून तो वाढवतात, दिसायला एकदम खऱ्यासारखं दिसतं. त्याचा हिशेब असा, सीव्ही ४ ची किंमत गुणिले ०.८९६ म्हणजे फुल स्पीडवरून शून्यावर यायला लागणारे सेकंद. ५ ठेवलं तर साडेचार सेकंद. बाबा समोर बसून चालवतात तेव्हा १५ पण छान वाटतं, तुम्ही दुरून चालवताना मात्र ३-४ च्या वर नको, कारण तुमच्या डोळ्याला दिसणारं चित्र आधीच उशिराचं आहे.

तो उशीर हाच कॅमेऱ्याचा सगळा प्रश्न. निरोप जायला वेळ लागत नाही, कोल्हापूर-बेंगळुरू बरी लाइन असेल तर शंभर मिलिसेकंदाच्या आत जातो. चित्राला लागतो. यूट्यूब लाइव्ह चित्र तुकडे करून साठवून पाठवतं, हजारो लोकांनी एकावेळी बघावं म्हणून, त्यात काही सेकंद जातातच. समजा ६ सेकंद उशीर, तर ६० च्या वेगाची गाडी तुम्हाला जिथं दिसतेय त्याच्या एक मीटरहून जास्त पुढं असते. त्या चित्रावर गाडी सायडिंगला लावणं कुणालाही शक्य नाही. वेबआरटीसी या, व्हिडिओ कॉलसारख्या कमी उशिराच्या पद्धतीवर चालणारं काहीतरी पाहिजे, त्यात उशीर अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो, म्हणजे दहा सेंटिमीटरचा फरक, ते सांभाळता येतं. पायचा कॅमेरा आणि मीडियाएमटीएक्स किंवा गो२आरटीसी हे प्रोग्रॅम वापरून, त्याच टेलस्केलवरून, हे घरच्या घरी होतं. जेएमआरआय चालणाऱ्या पायवरच कॅमेरा टाकू नका, दुसरा पाय किंवा जुना फोन वापरा, व्हिडिओनं पाय दमला तर आपला पल्सच उशिरा जाणार.

पण सुरुवातीला हे सुद्धा करू नका. बाबांना साधा व्हिडिओ कॉल लावा. व्हिडिओ कॉल मुळातच कमी उशिराचा असतो, कारण त्यात माणसांना एकमेकांशी बोलायचं असतं, आणि तुम्हाला तर बोलायचंच आहे. फोन एका ट्रायपॉडवर, सायडिंगचे पॉइंट फ्रेममध्ये येतील असा. एक अडचण, कॉलवाली ॲपं माणसाचा आवाज सोडून बाकीचा आवाज गोंगाट समजून कापतात, म्हणजे इंजिनाचा हॉर्न आणि रुळाचा खडखडाट ऐकूच येणार नाही. गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करायचं सेटिंग आहे, ते बंद करा. आवाज ऐकू आला की अंदाज लई सुधारतो, जॉइंटवरचा टकटक आवाज ऐकून वेग कळतो.

अजून एक सवय. नेट अडखळत असताना स्लायडर वरखाली करत बसू नका. हे निरोप टीसीपीवर जातात, म्हणजे एकही हरवत नाही, रांगेत थांबतात आणि नेट आलं की सगळे एकामागून एक पोचतात. तुम्ही घाबरून वर, खाली, पुन्हा वर केलेलं सगळं गाडी मग उशिरा करून दाखवते. चित्र गोठलं की एकदा स्टॉप दाबा आणि हात बाजूला.

सायडिंगच्या टोकाला मात्र माणसाच्या डोळ्यावर अजिबात भरवसा ठेवू नका, बेंगळुरूच्याही नाही आणि बाबांच्याही नाही. बफरच्या आधी एक पूर्ण गाडीची लांबी सोडून रुळाखाली इन्फ्रारेड सेन्सर बसवा, किंवा तेवढा तुकडा इन्सुलेट करून करंट डिटेक्टर लावा, आणि डीसीसी-ईएक्सच्या आतच नियम लिहा की हा सेन्सर लागला की पॉवर बंद. त्यांच्यात एक्सरेल नावाची नियम लिहायची सोय आहे, ती मेगा बोर्डातच चालते, पाय नसला तरी. वॉचडॉग पायवर नजर ठेवतो आणि हा नियम पायशिवाय चालतो, असे दोन वेगवेगळे पहारेकरी झाले. इन्फ्रारेड सेन्सरवर माडीच्या खिडकीतलं दुपारचं ऊन थेट पडू देऊ नका, उन्हातही इन्फ्रारेड असतं, सेन्सर फसतो.

पॉइंटसाठी एसजी९० सर्वो आणि पीसीए९६८५ बोर्ड, स्वस्त आणि टिकाऊ, एका बोर्डावर १६ सर्वो. पण सर्वोला 'वळ' म्हटलं म्हणजे तो वळलाच असं नाही, मध्ये बॅलास्टचा (रुळाखालच्या खडीचा) खडा अडकला तर पॉइंट अर्धवट राहतो आणि गाडी उतरते. पॉइंटच्या दांड्याला छोटा मायक्रोस्विच लावा, तो दाबला गेल्याचं जेएमआरआयमध्ये दिसलं तरच पुढं जायचं. घरी बाबा असतील तर हे नंतर केलं तरी चालेल, एकट्या घरात चालवायचं असेल तर आधी.

खरं तर एकट्या घरात चालवूच नका. हे माझं ठाम मत आहे. गाडी रुळावरून उतरून पॉइंटवर आडवी पडली की शॉर्ट होतो, कमांड स्टेशन पॉवर कापतं, पण थोड्या वेळानं पुन्हा देऊन बघतं, शॉर्ट गेला का म्हणून. समोर माणूस असला तर दोन सेकंदांचं काम, कुणी नसेल तर तो तापत राहतो. शॉर्ट झाल्यावर पॉवर बंदच राहावी आणि घरातल्या माणसानंच पुन्हा चालू करावी असं ठेवा.

लाइटचं बघा. पावसाळ्यात आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लाइट गेली की गाडी थांबली, ते ठीक, प्रश्न लाइट आल्यावरचा आहे. डीसीसी-ईएक्स चालू झाल्यावर रुळाची पॉवर बंद ठेवतं, ती तशीच राहू दे, जेएमआरआयमध्ये सुरू होताच पॉवर ऑन करायचा पर्याय आहे तो लावू नका. पायला आणि राउटरला छोटा यूपीएस द्या, झटक्यात लाइट जाऊन पायचं मेमरी कार्ड खराब होणं ही फार कॉमन गोष्ट आहे. कार्डाची एक कॉपी काढून ड्रॉवरमध्ये ठेवा, बाबांना नुसतं बदलता येईल.

आणि रूळ. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेनं रुळावर थर बसतो, गाडी जागोजागी अडते, आणि दुरून बघणाऱ्याला वाटतं नेट गेलं. आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला लावून पुसायचं. सँडपेपर कधीही नाही, चरे पडतात आणि त्यात घाण दुप्पट बसते. खिडकी उघडी ठेवून पुसा, आणि वाळल्याशिवाय पॉवर देऊ नका.

पहिल्यांदा बेंगळुरूवरून चालवण्याआधी एक परीक्षा घ्या, तुम्ही सुट्टीला घरी असताना. फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर जा, टेलस्केलवरून जोडा, गाडी ३० च्या वेगानं सोडा. मग बाबांना एकेक करून सांगा, राउटरचा प्लग काढा. पायची पॉवर काढा. पाय आणि मेगामधली यूएसबी उपटा. नॅनोची वायर काढा. प्रत्येक वेळी गाडी स्वतःहून थांबली पाहिजे आणि किती सेंटिमीटरवर थांबली ते रुळाकडेला पेन्सिलनं लिहा. यूएसबी काढल्यावर गाडी थांबत नसेल तर नवल नाही, मेगाला स्वतःचा सप्लाय आहे आणि पायचा पल्स चालूच आहे. तिथं जेएमआरआयच्या स्क्रिप्टमध्ये अजून एक अट घाला, मेगाकडून उत्तर येत असेल तरच पल्स द्यायचा. हे सगळं जमल्याशिवाय लांबून चालवू नका.

गाडी कुणाच्या हातात आहे हेही आधी ठरवून घ्या, कारण जेएमआरआय एकच इंजिन दोन फोनना देऊ शकतं आणि मग दोघांचे हुकूम एकमेकांवर पडतात. मी म्हणेन एक इंजिन तुमचं, एक बाबांचं, आणि पॉइंट सगळे बाबांकडं. तुम्ही कॉलवर लाइन क्लिअर, म्हणजे पुढची लाइन मोकळी असल्याची परवानगी, मागायची, त्यांनी द्यायची. मिरज लाइनवर स्टेशन मास्तर एकमेकांना विचारूनच गाडी सोडतात, तसंच. बाबांना नुसतं बघत बसवू नका हो, लेआउट त्यांचा आहे.

दोन्ही इंजिनांची कंपनी, मॉडेल नंबर आणि बॉडी काढून आतला एक फोटो पाठवा, आणि लूपची एकूण लांबी किती आहे तेही. कुठला डिकोडर बसेल आणि सेन्सर कुठं लावायचे ते बघून सांगतो.